राजा चार्ल्स स्वतःच्याच देशाचं राष्ट्रगीत का गात नाही?

ब्रिटनचा राजा चार्ल्स "गॉड सेव्ह द किंग" हे राष्ट्रगीत सुरू असताना गप्प उभा राहतो, हे खरं का असं तुम्ही विचारलंत. हो, खरं आहे. चार्ल्स गात नाही आणि त्याच्या आधी त्याची आई राणी एलिझाबेथसुद्धा ७० वर्षं गायली नाही. तुम्ही म्हणताय तसल्या क्लिप मीपण बघितल्यात, सगळे गातायत आणि राजा एकटा ओठ मिटून उभा, आणि खाली कमेंटमध्ये "केवढी घमेंड" वगैरे. ते वाचून मला खरंच वाईट वाटतं कारण प्रकार नेमका उलटा आहे.

मुळात "गॉड सेव्ह द किंग" हे देशाचं वर्णन करणारं गाणं नाहीच. आपल्या जन गण मन मध्ये प्रांत येतात, डोंगर नद्या येतात. ब्रिटिशांच्या गाण्याचं जे पहिलं कडवं सगळीकडे गातात त्यात ब्रिटनचं नावसुद्धा नाही, फक्त देवा आमच्या राजाला सांभाळ, त्याला विजय दे, आनंदात ठेव, त्याचं राज्य आमच्यावर खूप वर्षं राहू दे, एवढंच मागणं. आता ज्याच्यासाठी मागतायत त्यानेच सुरात सूर मिसळून मागायचं? आपल्याकडे औक्षण करताना पाटावर बसलेला माणूस ताम्हण घेऊन स्वतःला ओवाळत नाही, गप्प बसून राहतो, तसंच आहे हे. पासपोर्टचंपण तेच, ब्रिटिश पासपोर्ट राजाच्या नावाने दिला जातो म्हणून राजाला स्वतःला पासपोर्ट लागत नाही.

हाच चार्ल्स युवराज होता तेव्हा आईसाठी गायचा बरं का. १९ सप्टेंबर २०२२ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत राणीच्या अंत्यविधीला शेवटी सगळ्यांनी हे गाणं म्हटलं, आणि आता ते त्याच्यासाठी होतं म्हणून तो गप्प उभा होता. डोळे भरून आलेले स्पष्ट दिसत होते. ती क्लिप बघून कोणी घमेंड म्हणत असेल तर मला पटत नाही.

गाणं सुरू असताना बोलायचं नाही, हलायचं नाही, हे तिकडे किती पाळतात त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामा. २४ मे २०११, बकिंगहॅम पॅलेसमध्ये शाही मेजवानी. भाषण संपवताना ओबामांनी ग्लास उचलला आणि "टू हर मॅजेस्टी द क्वीन" म्हणून जरा थांबले, झालं, बँडवाल्यांना वाटलं टोस्ट, म्हणजे ग्लास उंचावून दिलेल्या शुभेच्छा, पूर्ण झाला, त्यांनी राष्ट्रगीत सुरू केलं. ओबामांचं मात्र अजून बाकी होतं, ते गाण्यावरच बोलत राहिले, शेक्सपिअरची ओळसुद्धा म्हटली, मग राणीकडे वळून ग्लास पुढे केला. राणी जागची हलली नाही, समोर बघत शांत उभी. ओबामांनी ग्लास खाली ठेवला आणि थांबले. गाणं संपल्यावर मगच ग्लास उचलले गेले. तिकडची पद्धत अशी की आधी टोस्टचे शब्द, मग राष्ट्रगीत, मग घोट. माझ्या मते यात ओबामांचा काही अपमान झाला नाही आणि राणीनेपण मुद्दाम काही केलं नाही, तिच्यासाठी चाललेल्या गाण्यात ती मध्येच हलणं शक्यच नव्हतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हे सगळं कायद्यात लिहिलंय का? नाही. आपल्याकडे राष्ट्रगीताच्या अपमानाविरुद्ध १९७१ चा कायदा आहे, पूर्ण गीत साधारण ५२ सेकंदांचं हेसुद्धा ठरलेलं आहे. ब्रिटनमध्ये हे राष्ट्रगीत आहे असं सांगणारा कायदाच कधी झाला नाही. नक्की कोणी लिहिलं तेही माहीत नाही. १७४५ मध्ये स्कॉटलंडकडून गादीवर हक्क सांगणाऱ्या बॉनी प्रिन्स चार्लीचं सैन्य राजा दुसऱ्या जॉर्जवर चालून येत होतं, प्रेस्टनपॅन्सच्या लढाईत राजाचं सैन्य हरलं, त्याच सप्टेंबरमध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरमध्ये नाटक झाल्यावर नटांनी हे स्टेजवर गायलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. तेव्हापासून फक्त रिवाजावर चाललंय. म्हणूनच राजा बदलला की शब्द आपोआप बदलतात, क्वीनच्या जागी किंग. राणी गेल्यावर दोन दिवसांनी लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंड विरुद्ध साउथ आफ्रिका टेस्ट परत सुरू झाली तेव्हा मॅचच्या आधी नवीन शब्दांनी गायलं, अख्खं आयुष्य क्वीन म्हणत आलेली माणसं पहिल्यांदा किंग म्हणत होती. मला तो क्षण फार भारी वाटतो.

बाकी छोट्या गोष्टी. राजा नसेल आणि राजघराण्यातलं दुसरं कोणी आलं असेल तर पूर्ण गाणं न वाजवता बँड फक्त पहिले सहा बार (सुरावटीचे छोटे भाग) वाजवतो. पूर्वी तिकडे थिएटरमध्ये पिक्चर संपल्यावर हे वाजायचं, आपल्या महाराष्ट्रात सुरुवातीला वाजतं त्याच्या उलट, आणि ते सुरू व्हायच्या आत दाराकडे पळायची लोकांना सवय लागली होती, हळूहळू ती प्रथाच बंद पडली. बीबीसीचं रेडिओ फोर हे केंद्र मात्र अजून रोज रात्री एक वाजायच्या थोडं आधी वाजवतं. आणि स्कॉटलंड, वेल्सवाले मॅचला आपापली वेगळी गाणी गातात, त्यामुळे तिकडच्या सगळ्यांना हे गाणं सारखंच जवळचं आहे असं समजू नका.

तुमच्या ताईला ब्रिटिश नागरिकत्व मिळतंय, त्या समारंभाबद्दलही तुम्ही विचारलंत. मी तिकडे मैत्रिणीच्या अशाच समारंभाला गेले होते. आधी राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ असते, मग देशाची प्रतिज्ञा, आणि राष्ट्रगीतपण वाजतं. तेव्हा सरळ उभं राहायचं, हात खाली. अमेरिकन लोकांसारखा छातीवर हात ठेवायची पद्धत तिकडे नाही, पुरुषांनी टोपी असेल तर काढायची. गायलंच पाहिजे अशी सक्ती नाही, पण ताईला म्हणावं गा, एकच कडवं असतं, पाठ व्हायला वेळ लागत नाही. फक्त यूट्यूबवरून पाठ करताना बघून घे म्हणावं, जुन्या व्हिडिओत सगळीकडे क्वीनच आहे.