बोर्डाला विचार

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू घरी येऊन गेलीस आणि मला रात्रभर झोप लागली नाही. पीएचडीला एआय घ्यावं की एम्बेडेडमध्येच, म्हणजे यंत्रातल्या चिपच्या कामातच, राहावं, हा तुझा प्रश्न. त्यावर येतोच. झोप उडाली ती वेगळ्या गोष्टीनं. तू शिकवतेस त्या वर्गातल्या एका मुलाचा सर्किट बोर्ड स्क्रीनवर नुसता कचरा उमटवतोय, असं तू बोलता बोलता सांगितलंस आणि मोबाइल पुढे करून म्हणालीस, "पण सर, सिम्युलेशनमध्ये बरोबर येतंय."

अगं, मग बोर्डाला विचार ना! त्यावरचा, चिपला ठेका देणारा क्रिस्टल बघितलास का? बारा मेगाहर्ट्झचा असणार. ८०५१ या मायक्रोकंट्रोलरमध्ये बाराला बारानं भागलं की दहा लाख, त्याला ३२ नं भागलं की ३१,२५०. तुला स्क्रीनकडे पाठवायला हवेत ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट). म्हणजे सव्वातीननं भागायला हवं, आणि टायमरला पूर्णांकच कळतो. तीननं भागलंस की मिळतात १०,४१७. साडेआठ टक्के फरक! स्टार्ट बिट, आठ डेटा बिट, स्टॉप बिट. शेवटाला पोचेपर्यंत पाऊण बिट घसरलेला असतो, मग कचराच येणार. ११.०५९२ चा क्रिस्टल लाव, भागाकार नेमका तीन येतो. हे तू माझ्याच लॅबमध्ये शिकलीस. क्रिस्टल चिमटीत धरून विचारलं होतंस, "सर, असला विचित्र आकडा कशाला?" ती मुलगी कुठे गेली?

आता तुझा प्रश्न. तुमचे एचओडी म्हणतात, हार्डवेअरच्या पेपरला दोन वर्षं जातात, एआयचा सहा महिन्यांत होतो. खरं आहे. मी ते भोगलंय. मी नोकरीला लागलो तेव्हा ८०८५ मायक्रोप्रोसेसरची सहा किट होती आणि एका बॅचला बावीस मुलं. एकेक बाइट कीपॅडवर ठोकायचा, लाइट गेली की सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून. आयसी उडाला तर मागणीपत्र, तीन कोटेशन, मग महिनाभर वाट. शेवटी मीच रविवारी बुधवार पेठेत जाऊन खिशातून आणायचो. माझी पीएचडी एकोणपन्नासाव्या वर्षी झाली. माझ्या मागून आलेले प्राचार्य झाले, मी झालो नाही. पेपर किती, असं विचारणाऱ्यांना सांगायला माझ्याकडे मोठा आकडा नाही. पण माझ्या लॅबमधला मुलगा चिपची डेटाशीट उघडल्याशिवाय पिन जोडत नसे, आणि मोजल्याशिवाय "चालतंय" म्हणत नसे. त्यासाठी दिलेली वर्षं वाया गेली, असं मला आजही वाटत नाही. कुणी कितीही सांगो.

चुकलो ते दुसरीकडे. हे तुला कधी बोललो नाही. फायनल इयरच्या चार मुलांनी शेतातल्या मोटरसाठी कंट्रोलर केला होता. एक फेज गेला की मोटर बंद, परत आला की थोडं थांबून चालू. लॅबमध्ये बल्ब लावून दाखवलं, उत्तम चाललं. विहिरीवर मात्र मोटरचा चुंबकी स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, सुटला की कंट्रोलर अडकायचा. त्यातला एक मुलगा एसटीनं दोनदा जाऊन आला. मला म्हणाला, "सर, एकदा चला ना." मी तेव्हा मान्यतेच्या फायलींत बुडालो होतो. म्हणालो, "लॅबमध्ये चाललंय ना? रिपोर्ट लिही." पंचवीसपैकी तेवीस मार्क दिले. शेतकऱ्यानं बोर्ड काढून टाकला.

बऱ्याच वर्षांनी तसाच कॉन्टॅक्टर टेबलावर घेतला आणि विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या सीआरओचा प्रोब, चिप पुन्हा सुरू करणाऱ्या रिसेट पिनवर ठेवला. कॉइल सुटताना पडद्यावर सुईसारखी उभी रेघ. कॉइलला समांतर रेझिस्टर आणि कपॅसिटर, रिसेटची तार आखूड, चिपच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरड. रेघ गेली. एका दुपारचं काम होतं ते! तो मुलगा पुढे हार्डवेअरमध्ये राहिला नाही. ते तेवीस मार्क मला अजून टोचतात.

म्हणून जीव तोडून सांगतोय, बोर्डाला विचार. एआय घ्यायचंय? घे, मी अडवत नाही. पण ते चिपवर उतरव. ईएसपी३२ या चिपमध्ये रॅम ५२० केबी, त्यात मॉडेल बसतंय का बघ. सप्लायच्या वाटेत एक ओहमचा रेझिस्टर टाकून करंट मोज. मे महिन्यातल्या उन्हात सेन्सर गच्चीवर ठेव आणि मग अचूकता किती उरते ते लिही. सहा महिन्यांचं दीड वर्ष होईल. होऊ दे. गाइडला हे पटत नसेल तर गाइड बदल, बोर्ड सोडू नकोस.

आणि आपल्याकडे हार्डवेअरला भविष्य नाही, हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर बोलू नकोस. आयआयटी मद्रासनं शक्ती प्रोसेसर केला, सी-डॅकनं वेगा केला, दोन्ही रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवर. तिथे कुणीतरी प्रोब हातात धरून रात्री काढल्याच असतील ना? त्या लोकांना कुठल्या तरी कॉलेजातल्या कुठल्या तरी मास्तरानंच पहिल्यांदा सोल्डरिंग गन धरायला शिकवलं असेल. तुझ्या हातात आज बॅचेस आहेत. वायवाला स्क्रीनशॉट दाखवणाऱ्याला परत पाठव. ओरड होईल, टर्मवर्कची तारीख निघून जाईल, एचओडी बोलावून घेतील. माझं नाव सांग हवं तर.

मी जरा कडक लिहिलंय. परवा तुझा चेहरा उतरलेला होता, आणि निघताना मी धड चहाही विचारला नाही, ते नंतर ध्यानात आलं. शनिवारी त्या मुलाला घेऊन ये. बोर्ड आणा, लॅपटॉप राहू दे घरी. ११.०५९२ चे दोन क्रिस्टल पाकिटात घालून ठेवलेत. सीआरओ माळ्यावरून खाली काढलाय. दुसरं चॅनल थोडं हलतं, पहिलं स्वच्छ आहे.

तुझा,
सर