“मॅडम, आता शिकून काय करू?”

प्रश्न: मी बीड जिल्ह्यात हायस्कूलला शिकवते. दहावीतल्या एका मुलाच्या वडिलांनी दिवाळीनंतर आत्महत्या केली. डोक्यावर कर्ज होतं. मुलगा शाळेत येतो, पण बाकावर डोकं टेकवून बसून राहतो. “मॅडम, आता शिकून काय करू?” म्हणतो. धाकटी बहीण सातवीत आहे. त्याला उमेद कशी देऊ?

उत्तर: मॅडम, एवढं होऊनही तो शाळेत येतोय, म्हणजे अजून त्याला तुमच्याकडून काहीतरी हवंय. तेराव्याला टॉवेल-टोपी देताना भावकीनं “आता तूच घरचा कर्ता” असं त्याला ऐकवलं असेलच. शाळेत तरी कुणी ते म्हणू नये. पंधरा वर्षांच्या पोराला कर्ता केलं की त्याची रडायचीही सोय राहत नाही.

उमेदीचं भाषण नको. मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन बसा. जेवलास का, झोप लागते का, हे विचारा. मग सरळ विचारा, “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्यानं ते डोक्यात शिरेल ही भीती खोटी आहे, उलट साचलेलं बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. आईला सांगा, घरातली फवारणीची औषधं हलवायला लावा आणि त्याच्यासमोरच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. तिथं चोवीस तास, मोफत आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मनाचे डॉक्टर असतात.

“शिकून काय करू” यात पैशाची धास्तीही असते. राज्याच्या बालसंगोपन योजनेतून अशा मुलांना महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा. पण नुसता पत्ता देऊन थांबू नका. मृत्यूचा दाखला, बोनाफाईड, पासबुक गोळा करायला त्या माउलीसोबत जा. अशा वेळी बाईमाणसाला ऑफिसात एकटीनं उभं राहणं जड जातं.

अभ्यासाचं म्हणाल तर सगळा पोर्शन त्याच्यापुढे मांडू नका. रोज एका विषयाचा एकच धडा, तोही तुमच्याजवळ बसून. पास व्हायला पस्तीस लागतात. एखादा विषय राहिलाच तर पुरवणी परीक्षा आहे, हे त्याला आत्ताच सांगून टाका.

आणि धाकटीचा उल्लेख तुम्ही एका ओळीत केलाय. ती गप्प आहे म्हणून सावरली असं धरू नका. तिच्या वर्गशिक्षकांशी उद्याच बोला.