हीटर घेण्याआधी घर बघा

तुमचा निरोप दोनदा वाचला. ऑक्टोबरच्या शेवटी तुम्ही कोथरूडहून इंग्लंडमधल्या लीड्सला जाताय, बरोबर चौदा महिन्यांची मुलगी आहे आणि तिच्याकडे बघायला सासूबाई तीन महिने येणार आहेत. हिवाळ्यात नुसत्या हीटिंगला महिना तीनशे पौंड जातात असं कुणीतरी सांगितल्यापासून तुम्हाला धास्ती बसली आहे. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: पुण्याहून रूम हीटर न्यावा का, एकच खोली गरम ठेवून भागेल का, आणि महिन्याला किती पैसे बाजूला काढावेत. मी सहकारनगरची, अकरा वर्षं लीड्समध्ये आहे. सध्या गणपतीसाठी आईकडे आले आहे, तर निवांतपणे लिहिते.

हीटर नेऊ नका. तिकडचे प्लग वेगळे असतात आणि प्रवासात वापरायचा साधा अडॅप्टर दोन हजार वॉटचा भार तासन् तास सोसण्यासाठी केलेला नसतो. तो तापतो, वितळतो. शिवाय खरी अडचण हीटर कुठला ही नाहीच. तिकडे विजेचं एक युनिट साधारण पंचवीस पेन्सच्या आसपास पडतं आणि गॅसचं युनिट त्याच्या पावपट किमतीत. गॅसचं बिलही तिकडे विजेसारखंच किलोवॉट-तासाच्या युनिटात येतं, त्यामुळे तुलना सोपी आहे. दोन किलोवॉटचा हीटर रोज सहा तास लावला तर बारा युनिटं, म्हणजे दिवसाला तीन पौंड आणि महिन्याला नव्वद, तेही एका खोलीचे. दुकानात तेलाचा, सिरॅमिकचा, पंख्याचा असे प्रकार दिसतील आणि प्रत्येकावर 'कमी खर्चात' लिहिलेलं असेल. विजेच्या एका युनिटातून सगळे सारखीच उष्णता देतात. तिकडे घर तापवतो तो बॉयलर, म्हणजे पाणी तापवून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवणारं यंत्र. तो बंद पडला तर हाताशी असावा म्हणून एक हीटर तिथेच घ्या, बस.

आता मुख्य गोष्ट. पुण्यात आपण थंडीला घाबरत नाही, कारण ती दुपारी संपते. डिसेंबरात पहाटे पाषाणला पारा कितीही उतरला तरी अकरा वाजता गच्चीत ऊन खाता येतं. भिंती दिवसभर तापतात आणि रात्री तीच ऊब परत देतात. लीड्सला जानेवारीत भर दुपारीही सहा-सात अंशच असतात आणि डिसेंबरात पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. भिंतीत दिवसभर काहीच जमा होत नाही, नुसती गळती चालू राहते. म्हणून घर किती गरम करता यापेक्षा ते किती गळतं यावर बिल ठरतं.

गोधडीचंच बघा ना. ती स्वतः गरम नसते. जुन्या साड्यांच्या थरांत अडकलेली हवा अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. दुहेरी काचेची खिडकी हेच करते, पोटमाळ्यावर अंथरलेला लोकरीसारखा थर हेच करतो. तुमच्या घराला गोधडी आहे की नाही, हे सही करण्याआधी बघायचं.

त्यासाठी तिकडे प्रत्येक भाड्याच्या घराचं ऊर्जा प्रमाणपत्र असतं, त्याला ईपीसी म्हणतात. ए ते जी अशी श्रेणी असते आणि ए सगळ्यात चांगली. सरकारी संकेतस्थळावर पत्ता घातला की ते फुकट दिसतं. इंग्लंडमध्ये २०२० पासून, काही अपवाद सोडले तर, ई पेक्षा खालच्या श्रेणीचं घर भाड्याने देता येत नाही. पण ई वर समाधान मानू नका. बाळ आणि सासूबाई दिवसभर घरात असणार, तेव्हा सी शोधा, नाहीतर चांगलं डी. श्रेणीखालचा तपशीलही वाचा: भिंती भरीव आहेत की पोकळीच्या, छताला थर आहे का, गरम करण्याची सोय गॅसवर आहे की विजेवर. लीड्समध्ये व्हिक्टोरियन काळातली विटांची घरं ढिगाने आहेत आणि त्यांच्या भिंती भरीव, म्हणजे मध्ये पोकळी नसलेल्या. अशा रांगेतलं मधलं घर घ्या, कडेचं नको. मधल्या घराला दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांची ऊब मिळते. हेअरहिल्सकडे 'बॅक टू बॅक' घरं दिसतील, पाठीला पाठ लावून बांधलेली. त्यांच्या तीन बाजूंना शेजारी असतात, आपल्या वाड्यातल्या मधल्या खोलीसारखं. ऊब टिकते, पण हवा एकाच बाजूने येते, त्यामुळे ओल धरते. फ्लॅट असेल तर मधला मजला बघा.

हे मी एवढं लांबवतेय कारण पहिल्या वर्षी आम्ही इथेच चुकलो. ऑगस्टमध्ये, छान ऊन पडलेलं असताना घर बघितलं. रांगेतलं कडेचं होतं, भाडं सत्तर पौंडांनी कमी, आम्ही खूष. नोव्हेंबरात झोपायच्या खोलीत हीटिंग चालू असूनही चौदा अंशांच्या वर पारा जाईना. बिलाच्या भीतीने आम्ही एकाच खोलीत राहायचं ठरवलं, बाकीच्या खोल्या पूर्ण बंद. जानेवारीत एकदा कपाट पुढे ओढलं तर मागची भिंत काळी पडलेली. कपाटात माझ्या आजीने हाताने शिवलेली गोधडी होती, तिच्या नऊवारींची. तिच्यावरही काळे ठिपके उठले होते. तीनदा धुतली, वास गेला नाही. टाकून द्यावी लागली. धाकट्याचा खोकला एप्रिलपर्यंत चालू होता. घरमालकाला कळवलं तर 'तुम्ही खिडक्या उघडत नाही' एवढंच उत्तर आलं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: एकच खोली गरम ठेवता येते, पण बाकीच्या खोल्या गार पडू द्यायच्या नाहीत. गरम खोलीतली दमट हवा दाराच्या फटीतून थंड खोलीत जाते आणि तिथल्या गार भिंतीवर पाणी होऊन बसते. बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तसंच. तुम्ही बसता ती खोली वीसच्या आसपास ठेवा, बाकीच्या, ज्यांत कुणी बसत-झोपत नाही त्या, पंधरा-सोळाला, आणि दारं बंद ठेवा. घरात निदान अठरा अंश असावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वयस्कर माणसासाठी तो आकडा खाली आणू नका. सासूबाई 'मला नाही थंडी वाजत' म्हणतील. माझी आईही म्हणाली होती, आणि बिल वाढू नये म्हणून आम्ही कामावर गेल्यावर हीटिंग बंद करून शाल गुंडाळून बसायची. तिच्या खोलीत तापमान दाखवणारं छोटं यंत्र ठेवलं, तेव्हा कुठे मला ते कळलं.

असं यंत्र तुम्हीही घ्या. दहा-एक पौंडांना मिळतं आणि आर्द्रताही दाखवतं. आर्द्रता सतत साठ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रण. आपल्या स्वयंपाकात वाफ फार. कुकरच्या शिट्ट्या, वरण-भात, इडली. आता घरी उकडीचे मोदक होत होते तेव्हा खिडकीवर पाणी ओघळताना बघून मला तिकडचंच आठवत होतं. इथे खिडकी उघडीच असते, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. तिकडे ओट्यावरचा पंखा लावा, भांड्यावर झाकण ठेवा, स्वयंपाकघराचं दार लावा. धुतलेल्या कपड्यांच्या एका खेपेतून दीड-दोन लिटर पाणी घराच्या हवेत जातं. ते रेडिएटरवर वाळत घालू नका. बाथरूममध्ये दार लावून, पंखा चालू ठेवून वाळवा, किंवा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र, घ्या. आम्ही तो तिसऱ्या वर्षी घेतला, पहिल्याच वर्षी घ्यायला हवा होता. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं खिडक्या सताड उघडा. पैसे देऊन तापवलेली हवा बाहेर कशी घालवायची, असं वाटेल. पण हवेत उष्णता फार थोडी असते, ती असते भिंतींत आणि सामानात. दहा मिनिटांत भिंती गार होत नाहीत, दमटपणा मात्र जातो.

बुरशीकडे दुर्लक्ष करू नका. रॉचडेल हे लीड्सपासून फार लांब नाही. तिथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा गेला, आणि घरातल्या बुरशीमुळे त्याचा जीव गेला असं २०२२ मध्ये चौकशीत निष्पन्न झालं. घर राहण्यायोग्य ठेवणं ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, २०१८ चा कायदाच आहे तसा. तक्रार फोनवर करू नका. तारखेसह फोटो काढून ईमेल करा, आणि दाद लागली नाही तर कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, पर्यावरण आरोग्य विभागाकडे जा. नवे आहोत, परदेशी आहोत म्हणून आम्ही गप्प बसलो, ते तुम्ही करू नका.

पैशांचं. ऑफजेम ही तिकडची वीज-गॅसची नियामक संस्था दर तीन महिन्यांनी दरांची कमाल मर्यादा जाहीर करते. बातम्यांत जो वर्षाचा आकडा येतो तो तुमच्या बिलाची मर्यादा नाही. वर्षाला ठरावीक, सर्वसाधारण वीज आणि गॅस वापरणाऱ्या घराचा तो अंदाज असतो. मर्यादा दरावर असते, जास्त वापरलंत तर बिल जास्तच येणार. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो आकडा १,२७७ पौंड होता, एप्रिल २०२२ मध्ये १,९७१ झाला, आणि त्या हिवाळ्यात सरकारने मध्ये पडून २,५०० वर धरून ठेवला. गॅस २०२१ पासूनच महागत होता, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर आणखी कडाडला, त्याचा हा परिणाम. तेव्हापासून दर उतरलेत, पण जुन्या पातळीला गेलेले नाहीत. आमच्या दोन बेडरूमच्या मधल्या घरात, डी श्रेणीत, डिसेंबर-जानेवारीत वीज आणि गॅस मिळून महिना १८० ते २२० पौंड येतात. तुमच्याकडे दिवसभर माणसं असणार, तेव्हा नोव्हेंबर ते मार्च महिना अडीचशे धरून चाला. तीनशे हा आकडा खोटा नाही, गळक्या घरात तो सहज होतो. घरात शिरताच मीटरचे फोटो काढा. मीटर आधी पैसे भरायचा असेल तर बऱ्याचदा दुकानात जाऊन कार्ड भरावं लागतं आणि पैसे संपले की घर गार. बाळ असताना तसला मीटर बदलून घ्या. व्हिसावर सरकारी मदत मिळेल असं हिशेबात धरू नका.

घरात राहायला गेलात की बॉयलर समजून घ्यायला एक संध्याकाळ द्या. थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान ठरवायचं बटण, तीसवर फिरवला म्हणून घर लवकर तापत नाही, ते जास्त वेळ तापत राहतं एवढंच. रेडिएटरच्या वाल्व्हवरचा ३ म्हणजे साधारण वीस अंश. कॉम्बी बॉयलर असेल, म्हणजे गरम पाण्याची वेगळी टाकी नसेल, तर रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान साठच्या आसपास आणा, गॅस वाचतो. टाकी असेल तर तिचं तापमान साठच्या खाली मात्र नेऊ नका, जंतू वाढतात. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम लागला तर आत हवा अडकली आहे. ती काढायची किल्ली हार्डवेअरच्या दुकानात मिळते. सोफा रेडिएटरला चिकटवू नका, पडदा त्याच्यावर लोंबू देऊ नका.

एक गोष्ट सासूबाईंना इथेच, निघण्याआधी सांगा. शेक-शेगडीची, ओव्याच्या धुरीची आपली सवय तिकडे चालणार नाही. कोळसा पेटवणं किंवा गॅसच्या शेगडीवर खोली तापवणं म्हणजे बंद घरात कार्बन मोनॉक्साइड साठवणं. त्याला वास नसतो. बॉयलर असलेल्या खोलीत त्याचा अलार्म लावणं ऑक्टोबर २०२२ पासून घरमालकाला बंधनकारक आहे, तो आहे का आणि चालतो का ते दाबून बघा. गॅसच्या वार्षिक तपासणीचा दाखलाही मागा. आणि बाळाला घरात टोपडं घालून, दुलई गुंडाळून झोपवायचं नाही. तिकडचे डॉक्टर बाळाची खोली सोळा ते वीस अंश ठेवायला सांगतात, आणि अंगात अडकून बसणारी झोपेची पिशवी वापरायला. मोठ्यांसाठी मात्र गादीवर अंथरायची विजेची चादर घ्या. शंभर वॉटच्या आसपास घेते, रात्रभर लावली तरी एक युनिट लागत नाही.

घराचं अजून ठरलं नाही ना? मग पुण्यात बसून सही करू नका. पहिले दोन-तीन आठवडे तात्पुरत्या जागेत काढा, आणि घर बघायला संध्याकाळी किंवा पावसात जा. आत शिरताच वास घ्या. खिडकीच्या कडेने हात फिरवा, गार वारा लागतो का बघा. कपाट हलवून मागे बघायची परवानगी मागा. एकाच कोपऱ्याला ताजा रंग असेल तर का दिलाय ते विचारा. आधीच्या भाडेकरूचं जानेवारीचं बिल मागा.

सामानात गोधड्या जरूर न्या, जितक्या मावतील तितक्या. फक्त बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, मध्ये वीतभर जागा सोडा.