'इलमॅटिक'मधला 'इल' आणि आपला 'इल्म'

एका वाचकाचा प्रश्न असा आहे : "अमेरिकी रॅपर नाझ याच्या पहिल्या अल्बमचे नाव 'इल्मॅटिक' आहे. गायकाचे मूळ नाव नासिर, म्हणजे अरबी. मग या शीर्षकात अरबी 'इल्म' म्हणजे विद्या, असा शब्द दडलेला आहे का? एका ठिकाणी त्याचा अर्थ 'आपोआप आजारी' असाही वाचला. यातले बरोबर काय, आणि मराठीत या शब्दाला काय म्हणावे?"

पहिल्या भागाचे उत्तर 'नाही' असे आहे. तरीही शंका निराधार नाही, कारण ती आपल्या लिपीने निर्माण केली आहे. रोमन लिपीत या नावात 'एल' हे अक्षर दोनदा येते आणि इंग्रजी वाचणाऱ्याला सुरुवातीचा 'इल' हा स्वतंत्र, ओळखीचा शब्द लगेच दिसतो. देवनागरीत जोडाक्षर करून 'इल्मॅटिक' लिहिले की 'इल' आणि 'मॅटिक' यांच्यामधली शिवण नाहीशी होते, 'ल्म' एकत्र येतो आणि उर्दू काव्य ऐकलेल्या मराठी माणसाच्या कानात 'इल्म' उमटतो. याच अरबी धातूपासून आलेले 'तालीम' आणि 'मालूम' हे शब्द आपण रोज वापरतो, त्यामुळे तो नाद आपल्याला परका नाही. 'नासिर' हे नाव अरबी आहे आणि त्याचा अर्थ 'साहाय्य करणारा' असा आहे, हेही खरे. पण नाव अरबी आहे म्हणून त्या माणसाच्या अल्बमचे शीर्षकही अरबी ठरत नाही. (जाता जाता : त्याच्या संक्षिप्त नावाचा उच्चार 'नाझ' असा आहे. मराठीत काही जण 'नास' लिहितात, ते उच्चाराला धरून नाही आणि नासलेल्या दुधाची आठवण करून देणारेही आहे.)

हा शब्द 'इल' आणि 'मॅटिक' असा फोडायचा आहे, आणि खरी चर्चा या दोन तुकड्यांचीच आहे.

'इल' म्हणजे 'आजारी' हे आपण शाळेत शिकलो, पण तो त्या शब्दाचा मूळ अर्थ नव्हे. प्राचीन नॉर्स भाषेतून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ 'वाईट, दुष्ट, अनिष्ट' असा होता. 'आजारी' हा अर्थ त्यानंतर बराच काळ लोटल्यावर जोडला गेला. 'इल-ट्रीटमेंट' म्हणजे छळ, या जोडशब्दात जुना अर्थ अजून जिवंत आहे. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय तरुणांच्या बोलीत 'इल' हा शब्द 1980 च्या दशकात ज्या वळणाने गेला, त्याची मुळे या जुन्या अर्थात शोधावीत, तापखोकल्यात शोधू नयेत. त्या बोलीत 'बॅड' हा शब्द 'उत्तम' या अर्थाने आधीच रुळलेला होता, आणि 'इल'ही त्याच वाटेने निघाला.

ही वाटचाल ध्वनिमुद्रणांतून तपासता येते. 1986 मध्ये रन-डीएमसी या रॅप गटाच्या 'यू बी इलिन' या गाण्यात 'इलिन' हे क्रियापद वेडगळपणे वागणाऱ्या माणसाबद्दल, त्याची टर उडवण्यासाठी आलेले आहे. त्याच वर्षी आलेल्या बीस्टी बॉइज या दुसऱ्या रॅप गटाच्या पहिल्या अल्बमचे नाव 'लायसन्स्ड टू इल' होते. तिथे तोच वेडेपणा मिरवण्याची गोष्ट झालेला दिसतो, जणू त्यासाठी परवानाच मिळाला आहे. 19 एप्रिल 1994 रोजी कोलंबिया कंपनीने 'इलमॅटिक' प्रसिद्ध केला, तोवर हाच शब्द कौतुकाचा, आणि कौतुकातलाही वरच्या पायरीचा, झालेला होता. निंदा, मग मिरवणे, मग प्रशंसा, अशा तीन पायऱ्या आठ वर्षांत दिसाव्यात, हे शब्दांच्या इतिहासात रोज घडत नाही.

'मॅटिक' हा तुकडा मला त्याहून मनोरंजक वाटतो. तो 'ऑटोमॅटिक'मधून तोडलेला आहे, पण चुकीच्या जागी. मूळ ग्रीक शब्दात 'ऑटो' म्हणजे 'स्वतः' आणि पुढचा भाग 'मनात येईल तसे वागणारा' अशा अर्थाचा आहे. भाषाशास्त्रज्ञ त्या भागाचे नाते संस्कृत 'मन्' धातूशी आणि 'मत', 'मति' या शब्दांशी जोडतात. म्हणजे 'मॅट' हा धातूचाच अंश आहे आणि 'मॅटिक' नावाचा प्रत्यय मुळात नव्हताच. तो अमेरिकेच्या बाजाराने घडवला. जनरल मोटर्सच्या आपोआप गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचे नाव 'हायड्रा-मॅटिक' होते, आणि कोडॅकने 1963 मध्ये आणलेल्या साध्या कॅमेऱ्याचे नाव 'इन्स्टामॅटिक' होते. अशा नावांमुळे 'मॅटिक' म्हणजे 'यंत्रासारखे अचूक, न थांबणारे, अत्याधुनिक' असा भाव लोकांच्या मनात बसला आणि तो तुकडा कोणत्याही शब्दाला लावण्यासाठी मोकळा झाला.

असे केवळ इंग्रजीत होते असे कोणी समजू नये. आपल्या 'लोकशाही'कडे पाहा. 'आदिलशाही' हा शब्द 'आदिलशाह' आणि 'ई' असा बनला. तिथे प्रत्यय फक्त 'ई' आहे, जसा तो 'पेशवा'पासून झालेल्या 'पेशवाई'त आहे. पण निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही ही नावे सतत कानावर पडून मराठी माणसाने काप एक घर अलीकडे घेतला आणि 'शाही' हाच 'राजवट' या अर्थाचा प्रत्यय मानला. मग नोकरशाही, झुंडशाही, घराणेशाही आले, आणि ज्या व्यवस्थेत शाह असूच शकत नाही तिलाही आपण 'लोकशाही' म्हणू लागलो. 'लोकशाही'ला जसे कोणी चूक म्हणत नाही, तसेच 'इलमॅटिक'लाही म्हणता येणार नाही. चुकलेल्या कापातून भाषेला एक चालता प्रत्यय मिळाला, एवढाच त्याचा अर्थ.

दोन्ही तुकडे जोडले की अर्थ होतो 'इलपणाची परिसीमा'. नाझने स्वतः हा शब्द याच आशयाने, सर्वांत श्रेष्ठ दर्जाचे 'इल' म्हणून, समजावला आहे. त्याच्या एका तुरुंगात असलेल्या मित्राच्या टोपणनावाशीही शीर्षकाचे नाते सांगितले जाते. 'आपोआप आजारी' हा अर्थ मात्र कोशातल्या नोंदी एकापुढे एक मांडून केलेला आहे. त्याला ना बोलीचा आधार आहे, ना अल्बमचा.

अल्बमचा आधार का हवा, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण मराठी प्रतिशब्दाचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. नाझ क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीत वाढला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या या वसाहतीत तीन हजारांहून अधिक घरे असून तशा प्रकारच्या गृहवसाहतींत ती उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी मानली जाते. अल्बम आला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. सुमारे चाळीस मिनिटांच्या या ध्वनिमुद्रणात पिस्तुले आहेत, अमली पदार्थांचा धंदा आहे, लहानपणीच गेलेले मित्र आहेत. 'वन लव्ह' हे गाणे तर तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात आहे. म्हणजे 'इल'चा जुना, 'अनिष्ट' हा अर्थ तिथे पानोपानी आहे. आणि हे सगळे ज्या कसबाने सांगितले आहे, ओळीच्या शेवटी न थांबता ओळीच्या पोटात यमकांमागून यमके गुंफत, ते कसब 'इल'च्या नव्या अर्थाचे आहे. परिस्थितीही इल आणि तिचे वर्णनही इल. शीर्षक या दोन्ही अर्थांवर एकाच वेळी उभे आहे, आणि त्यातला एक निवडणारा कोणताही अनुवाद त्याला लंगडे करील.

मराठीत वाईटाकडून चांगल्याकडे गेलेले शब्द कमी नाहीत. 'प्रचंड'मधला 'चंड' म्हणजे उग्र, पण आज आपल्याला गाणे 'प्रचंड आवडते'. तेच 'भयंकर आवडले'चे. मात्र या शब्दांत भीतीचा अंश उरलेला नाही, ते केवळ प्रमाण दाखवतात, म्हणून ते 'इल'ची जागा घेऊ शकत नाहीत. कोल्हापूरकडचे 'नाद खुळा' अधिक जवळचे आहे, कारण त्यात वेडेपणाच प्रशंसा होतो, पण त्याला दाहकता नाही. माझ्या मते खरा जोडीदार 'जालीम' आहे. अरबीत 'जालिम' म्हणजे जुलूम करणारा. मराठीत आपण 'जालीम विष' म्हणतो आणि तितक्याच सहजपणे 'जालीम औषध' आणि 'जालीम उपाय'ही म्हणतो. मारणारा आणि तारणारा असे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात, आणि कोणता घ्यायचा ते शेजारचा शब्द ठरवतो. 'इल'चेही नेमके तसेच आहे.

तेव्हा अर्थ समजावताना 'जालीमपणाची कमाल' असे म्हणावे. 'इलमॅटिक'सारखा एकच घडीव शब्द करण्याचा मोह मात्र टाळावा. 'मॅटिक'च्या जागी आपला तयार प्रत्यय घेऊन 'जालीमशाही' केले, तर 'शाही' जुलमी राजवटीचा अर्थ पुन्हा वर काढते आणि औषधाचा अर्थ मरतो. शीर्षक हे विशेषनाम आहे, ते जसेच्या तसे ठेवावे. नाझने स्वतःच 2001 मध्ये त्याच्यावरून 'स्टिलमॅटिक' ('स्टिल' म्हणजे 'अजूनही') असे दुसऱ्या एका अल्बमचे नाव घडवले. मूळ नाव लोकांच्या तोंडी अखंड राहिले होते म्हणूनच हा श्लेष त्याला साधता आला.

राहिला लेखनाचा मुद्दा. 'इल्मॅटिक'ऐवजी 'इलमॅटिक' लिहावे, अशी माझी शिफारस आहे. 'बलवान' लिहून आपण 'बल्वान' असेच वाचतो, त्याप्रमाणे इथेही 'ल'मधला 'अ' उच्चारात आपोआप गळतो आणि मूळ उच्चाराला धक्का लागत नाही. शिवाय 'इल' डोळ्यांना वेगळा दिसतो आणि प्रश्नकर्त्याला पडली तशी 'इल्म'ची भूल पुढच्या वाचकाला पडत नाही.