पर्सीसारखं व्हायचंय, पण कुठल्या पर्सीसारखं?

सप्रेम नमस्कार,

मुलगी इंग्रजी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला अठराव्या शतकातल्या थॉमस पर्सीसारखी जुनी इंग्रजी बॅलड, म्हणजे कथागीतं, शोधून संपादित करायची आहेत, आणि ‘यावर पोट भरेल का?’ असं तुम्ही विचारता. नुसत्या यावर नाही. पर्सीसुद्धा पोटासाठी पाद्रीच होता, पुढे बिशप झाला. आज हे काम प्राध्यापकी, ग्रंथालय किंवा अभिलेखागारातल्या नोकरीच्या जोडीने होतं. त्यामुळे एम.ए. हवंच, आणि इथे शिकवायचं तर नेटसारखी पात्रता परीक्षाही.

तिला पर्सीची कुठली गोष्ट भावली, ते मात्र विचारा. श्रॉपशरमधल्या शिफनलला मित्राच्या घरी मोलकरणी एका हस्तलिखिताची पानं जाळून विस्तव पेटवत होत्या, ते त्याने वाचवलं. इथवर सगळ्यांनाच आवडतं. पुढे बांधणीत कडा कापताना वरच्या-खालच्या ओळीही गेल्या. ‘किंग एस्टमिअर’ या बॅलडची पानं तर त्याने स्वतःच फाडून छापखान्यात धाडली. ‘चाइल्ड ऑफ एल’च्या 39 ओळी उरल्या होत्या; 1765मध्ये छापलेल्या आपल्या बॅलडसंग्रहात त्याने त्यांच्या 200 केल्या. त्याच काळातला अभ्यासक जोसेफ रिटसन याला हस्तलिखित खरंच आहे का, याचाच संशय आला. 1867-68मध्ये हेल्स आणि फर्निव्हल या संपादकांनी ते जसंच्या तसं छापलं, तेव्हा कुठे पर्सीची भर उघडी पडली. उलट एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन अभ्यासक फ्रान्सिस चाइल्ड याने 305 बॅलडांची मिळाली तेवढी रूपं वेगवेगळी दिली, एकात एक मिसळली नाहीत. शिकायचं ते त्याच्याकडून.

आता कसोटी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा शाखेचं इंग्लिश ब्रॉडसाइड बॅलड आर्काइव्ह, म्हणजे सुट्या कागदांवर छापलेल्या जुन्या बॅलडांचा ऑनलाइन संग्रह, फुकट पाहता येतो. तिथे मूळ पानाच्या चित्रासोबत त्याचा आजच्या टाइपातला उतारा असतो. उतारा झाकून ब्लॅकलेटर या जुन्या जाड छापील वळणातली वीस पानं तिने ओळीबरहुकूम लिहून काढावीत आणि मग ताडून पाहावीत. लांब ‘एस’ हमखास ‘एफ’ वाचला जातो, ‘यू’ आणि ‘व्ही’ची अदलाबदल होते. त्याहून वाईट चूक म्हणजे नकळत स्पेलिंग आजचं करणं, कारण ती करणाऱ्याला दिसत नाही. शंकास्पद अक्षर चौकटी कंसात, स्वतःचा तर्क तळटीपेत. जुनी हस्ताक्षरं वाचायला शिकण्यासाठी ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचे मोफत धडे आहेत. नंतर टीईआय ही संगणकीय खुणांची पद्धत शिकावी; डिजिटल प्रकल्पांत तीच विचारतात.

जोडीला मोडी शिकली तर उत्तम. 1891मध्ये ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाडे गोळा करून छापले, त्यांच्याकडेही याच नजरेने पाहता येईल.

विसाव्या पानापर्यंत तिला कंटाळा आला नाही, तर एम.ए.चा अर्ज भरा.