देव न मानणाऱ्या माणसाने चर्चमध्ये जाण्यात काही अर्थ आहे का?

प्रश्नकर्त्याने लिहिले आहे की तो कोथरूडला राहतो, देव मानत नाही, आणि कार्यालयातील एक ख्रिस्ती सहकारी त्याला नाताळच्या उपासनेला बोलावतो आहे. तिथे जाऊन बसणे हा स्वतःशी केलेला अप्रामाणिकपणा ठरेल का, असे त्याला विचारायचे आहे. माझे उत्तर असे की जरूर जावे, मात्र नाताळला जाऊ नये. त्या दिवशी उभे राहायला जागा नसते, वर्षभर न फिरकणारे लोक नवे कपडे घालून आलेले असतात आणि पाहुण्याला शोभेपलीकडे काही दिसत नाही. ऑगस्टमधल्या एखाद्या पावसाळी रविवारी, जेव्हा जेमतेम चाळीस माणसे येतात आणि दमट हवेने पेटीची एखादी पट्टी अडकून बसते, तेव्हा जावे.

अप्रामाणिकपणाच्या मुद्द्यावर मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण नेमका हाच आरोप बावीस वर्षे मैत्री असलेल्या माझ्या मित्राने माझ्यावर केला होता आणि त्या वेळी मला त्याचे धड उत्तर देता आले नव्हते.

मी एका विमा कंपनीत हिशेबाचे काम करून निवृत्त झालो. आमच्या वडिलांनी आयुष्यात श्राद्ध घातले नाही आणि आम्हा भावांच्या मुंजीही केल्या नाहीत, त्यामुळे नास्तिकपणा मला बंड करून मिळवावा लागला नाही, तो घरातल्या तांब्याभांड्यांसारखा वारसाहक्काने मिळाला. दर रविवारी सकाळी एका मित्राच्या गच्चीवर आमचा अभ्यासगट भरत असे. फुले, आगरकर, विठ्ठल रामजी शिंदे यांचे वाचन आणि चर्चा होत असे, वर्गणी जमा होत असे, आणि त्या वर्गणीचा व उपस्थितीचा हिशेब माझ्याकडे होता.

2015 सालच्या मार्चमध्ये आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या मावशींची दृष्टी काचबिंदूने फारच मंदावली. त्या मूळच्या नगरकडच्या, निवृत्त शिक्षिका, मुलगा परदेशी. दर रविवारी सकाळी रिक्षावाल्याशी त्यांची होणारी वादावादी खिडकीतून ऐकू येई, म्हणून एकदा मीच म्हणालो की मी स्कूटरवरून सोडतो. शहराच्या पूर्व भागातल्या एका पेठेतले त्यांचे देऊळ, एवढे सांगणे पुरे आहे. (मराठी ख्रिस्ती माणसे चर्चला देऊळच म्हणतात, हे पुण्यात सारे आयुष्य घालवूनही मला तोवर ठाऊक नव्हते.) पहिले तीन रविवार मी बाहेर चिंचेखाली स्कूटरवर बसून वर्तमानपत्र वाचले. चौथा रविवार झावळ्यांचा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा होता, सगळ्यांच्या हातांत झावळ्या होत्या आणि ऊन भयंकर होते. मावशी पायरीवर थांबून म्हणाल्या, “उन्हात बसून काय करतोस रे? आत पंखा आहे.”

माझ्या चर्चप्रवेशाचे कारण एवढेच आहे. याहून उदात्त कारण मी नंतर अनेकदा रचून पाहिले, पण ते टिकले नाही.

आत ऑर्गन आणि इंग्रजी ऐकू येईल अशी माझी समजूत होती, आणि प्रत्यक्षात पेटी, तबला आणि झांजा निघाल्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तरी कीर्तन-भजनाचा संस्कार सोडला नाही, आणि अभंगाच्या वळणाची त्यांची भजने मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या उपासक समुदायांत, आजही गायली जातात. शाळेत त्यांची फुलांमुलांची कविता पाठ केलेल्या माझ्यासारख्याला हे माहीत असायला हवे होते. दुसऱ्या कडव्याला माझी बोटे गुडघ्यावर ठेका धरू लागली होती. विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आपण काय मानतो याचा ठरलेला पाठ, सर्वांनी उभे राहून म्हटला तेव्हा मीही उभा राहिलो, पण तोंड मिटून. आणि कोणी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. उपदेश लांबला होता आणि मला पटलाही नाही. पुढे तसे मी पाळकसाहेबांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, सांगितले, तेव्हा त्यांनी पुढच्या आठवड्यात चहाला बोलावून तासभर वाद घातला.

त्यानंतरच्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला), म्हणजे 3 एप्रिलला, मी मावशींबरोबर आपण होऊन आत गेलो. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना असते आणि वधस्तंभावरून ख्रिस्ताने काढलेल्या सात उद्गारांवर एकेकाने बोलायचे असते. तिथे बोलणारे मंडळीतलेच होते, कोणी परिचारिका, कोणी बँकेतली कारकून. चौथा उद्गार, ज्यात ख्रिस्त देवालाच विचारतो की तू माझा त्याग का केलास, तो एका निवृत्त रेल्वे गार्डकडे होता. त्यांचा तरुण मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला होता, हे मला नंतर कळले. ते उठले, वचन वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, “मी दोन वर्षे याच वाक्यावर थांबलेलो आहे, याच्या पुढचे मला काही सांगता येणार नाही.” आणि बसले. कोणी त्यांची समजूत घातली नाही, पाळकसाहेबांनी घाईने पाचवा उद्गार पुकारला नाही, आणि शंभरएक माणसे पंख्यांच्या आवाजात गप्प बसून राहिली.

त्या शांततेत मला आमची गच्ची आठवली. गटातल्या एका सभासदाची पत्नी वारली होती, आणि पुढच्याच रविवारी तो येऊन बसला असता आम्ही ठरल्याप्रमाणे आगरकरांचा निबंध घेतला. कोणीही एक शब्द काढला नाही. आम्ही दुष्ट होतो असे नाही. प्रार्थना करायची नाही हे आम्हाला पक्के ठाऊक होते, पण तिच्या जागी काय करायचे हे कोणी ठरवलेच नव्हते. वहीत त्या दिवशीची नोंद माझ्या हस्ताक्षरात आहे: उपस्थिती अकरा.

मी रविवारी दिसेनासा झालो तेव्हा मित्राने विचारले आणि मी खरे ते सांगितले. तो म्हणाला, “देव मानत नाहीस आणि देवळात बसतोस, म्हणजे तू एक तर तिथे खोटा आहेस किंवा इथे.” नंतर त्याने गटापुढे लेखी खुलासा मागितला. मी खुलासा दिला नाही, तीन हजार चारशे बारा रुपयांची शिल्लक वहीसकट त्याच्या हाती ठेवली आणि जिना उतरलो.

पुणेकराला लेखी खुलाशाची ही पद्धत नवी वाटू नये. 1890 साली गोपाळराव जोश्यांच्या खटपटीने शहरातली प्रतिष्ठित मंडळी पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला जमली, त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली, आणि मग जोश्यांनीच उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली. यादीत लोकमान्य टिळकांचे आणि न्यायमूर्ती रानड्यांचेही नाव होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि अखेर 1892 साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. माझा मित्र हा किस्सा सनातन्यांची टिंगल करण्यासाठी दरवर्षी सांगत असे. मिशनच्या नुसत्या चहाने माणूस बाटतो असे मानणारे आणि चर्चच्या बाकावर बसल्याने बुद्धिवाद बाटतो असे मानणारे यांच्यात मला तरी जातीचाच फरक दिसतो, तर्काचा दिसत नाही.

त्याच मित्राच्या भिंतीवर जोतीराव फुल्यांची तसबीर आहे. फुले पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांशी त्यांचा आयुष्यभर स्नेह राहिला, आणि तरीही ते ख्रिस्ती झाले नाहीत. 1873 साली त्यांनी सत्यशोधक समाज काढला तो स्वतःच्या विचाराने. शिवाय हा गृहस्थ दर आषाढीला पालखीबरोबर दिवे घाटापर्यंत चालतो, टाळ हातात घेतो, छायाचित्रे काढतो आणि त्याला समाजाचा अभ्यास म्हणतो. वारीत त्याची विठ्ठलावरची श्रद्धा कोणी तपासत नाही. तिथे जे चालते ते बाकावर का चालू नये, एवढे मला त्या वेळी सुचायला हवे होते.

मावशींना मी आरोप सांगितला तेव्हा त्यांना त्याची फारशी मातब्बरी वाटली नाही. त्या म्हणाल्या, “पंडिता रमाबाई बाप्तिस्मा घेऊनही भांडतच होत्या, तू न घेता भांडतोस.” त्यांचे म्हणणे इतिहासाला धरून होते. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर रमाबाई त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या) सिद्धान्तावर आणि चर्चच्या अधिकारावर तिथल्या मठातल्या भगिनींशी पत्रांतून वाद घालत होत्या. तेव्हा शंका घेऊन आत बसणारे आपण पहिलेच आहोत, असा समज प्रश्नकर्त्याने करून घेऊ नये.

मित्राची बाजू मला अगदीच कळत नाही असे नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून याच शहरात 20 ऑगस्ट 2013 रोजी झाला आणि त्यानंतर आमच्यासारखे गट साहजिकच आक्रसले. जो थोडा सैल झाला तो फुटला, असे वाटू लागले. पण खुद्द दाभोलकर देव-धर्माविषयी तटस्थ राहून अंधश्रद्धेशी लढण्याची भूमिका मांडत असत, आणि ती आमच्या गच्चीपेक्षा पुष्कळ मोकळी होती.

कोणी आरोग्याचे कारण सांगेल. अमेरिकेतील सत्तर हजारांहून अधिक परिचारिकांच्या सोळा वर्षांच्या नोंदींवरून 2016 साली असे प्रसिद्ध झाले की आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमधील मृत्यूचे प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा 33 टक्क्यांनी कमी होते. हिशेबाचा माणूस म्हणून मी एवढेच म्हणेन की चालण्याफिरण्याची ताकद असलेलाच उपासनेला जातो. संशोधकांनी ही शक्यता विचारात घेतली असली तरी तेवढ्यासाठी कोणी रविवारची झोप मोडू नये.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सर्व चर्चे सारखी नसतात. जिथे औषध सोडा, प्रार्थनेने गाठ विरघळेल असे सांगतात, तिथून तत्काळ उठावे. जिथे पहिल्याच भेटीत दूरध्वनी क्रमांक आणि दशांशाचा, म्हणजे चर्चला द्यायच्या मिळकतीच्या दहाव्या हिश्श्याचा, हिशेब मागतात, तिथे दुसऱ्यांदा जाऊ नये. जात चर्चच्या दाराशी चपलांबरोबर उतरत नाही, लग्ने ठरताना ती तिथेही दिसते, आणि मंडळीतल्या मालमत्तेच्या भांडणांत तर आपल्या सोसायटीच्या सभेची आठवण होते. ज्याच्या घरी यावरून कलह होईल त्याने आपला विचार आपण करावा. मी एकटा राहतो, मला हे सोपे होते. आणि मी आजही देव मानत नाही.

सहकाऱ्याला विचारून मराठी उपासनेला जावे आणि मागच्या बाकावर बसावे. सगळे उठतील तेव्हा उठावे, जे म्हणवत नाही ते म्हणू नये. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस देण्याच्या, वेळी जागेवरच बसून राहावे, कारण बाप्तिस्मा न झालेल्याने ते घ्यायचे नसते आणि न घेतल्याचे कोणाला नवलही वाटत नाही. दानाची पिशवी समोर आली तर दहा रुपये टाकावेत किंवा ती तशीच पुढे द्यावी. साधारण दीड तास लागतो. नंतर आवारात चहा असतो. तो फार गोड असतो, आणि साखर कमी सांगितली तरी कोणी ऐकत नाही.