कूलंट दर आठवड्याला का उतरतं?

प्रश्न: जुनी पेट्रोल गाडी घेतली. कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी टाकीत दर आठवड्याला ‘मिन’च्या (किमान खुणेच्या) खाली जाते, पण फरशीवर थेंबही दिसत नाही. बोअरचं पाणी टाकतोय, चालेल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर: बोअरचं पाणी आजच बंद करा. आपल्याकडचं पाणी जड. रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतात आणि ऐन मे महिन्यात इंजिन तापतं.

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना टाकी ‘मॅक्स’पर्यंत भरा. गरम असताना झाकण मुळीच उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. मग टॉर्च घेऊन होजची (रबरी नळ्यांची) टोकं, क्लिपा आणि वॉटर पंपाचं बारीक छिद्र पाहा. वाळलेला हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा दिसला की गळती तिथेच. गरम भागावर थेंबाची वाफ होते, म्हणून फरशी कोरडी राहते. काहीच सापडलं नाही तर गॅरेजात प्रेशर टेस्ट (सिस्टिममध्ये दाब देऊन गळती शोधणं) करून घ्या. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणच बदला. कितीदा तरी तेवढ्यावरच भागतं.

डिपस्टिकवर (इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ तेल किंवा इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर दिसला तर हेड गॅस्केट (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेल्याचा संशय घ्या आणि गाडी टो करूनच न्या.

दुरुस्तीनंतर सिस्टिम धुऊन गाडीच्या पुस्तिकेतलंच कूलंट भरा. कूलंट कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर घाला, तयार मिश्रणात काही घालू नका.